इंद्रजाल कॉमिक्स : वेताळाची सव्वीस वर्षे

फँटमला मराठीत ‘वेताळ’ हे नाव ज्याने कुणी दिले असेल, त्याला कोकणाची चांगली माहिती असणार असे मला नेहमी वाटत आले आहे. विक्रम राजाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगणारा आणि राजाने तोंड उघडले की पुन्हा झाडाला जाऊन लटकणारा वेताळ सगळ्या भारताला ठाऊक आहे. पण सिंधुदुर्गात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री तो शिवेवरून फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. गोव्यात आमोणे, लोलये या गावांत त्याची ठाणी आहेत. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे. आता इंग्रजीतला फँटम पाहा. जंगलाचा राखणदार, रात्रीबेरात्री भटकणारा, वाईटांना धाक घालणारा आणि लोकांच्या समजुतीप्रमाणे कधीही न मरणारा! ‘छाया’, ‘भूत’, ‘पिशाच्च’ असा एखादा शब्दकोशातला प्रतिशब्द घेतला असता तर हा अमेरिकेचा पाहुणा आपल्याकडे पाहुणाच राहिला असता. हिंदीतही तो ‘वेताल’च झाला, पण हिंदी वाचकाला त्यात विक्रमाचा वेताळ दिसला. आम्हा मराठी मुलांना, निदान ज्यांची आजी कोकणातली होती त्यांना, वेशीवरचा वेताळ दिसला.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत कॉमिक्सवर लेख कशाला, असे आपल्यातले काही ज्येष्ठ सभासद विचारतील. उत्तर सोपे आहे. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी मराठी वाचन शाळेत शिकलेलेच नाही. शाळा हिंदी, बंगाली, तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमाची. मराठी अक्षरे घरी आली ती आजोळच्या पत्रांतून, ‘चांदोबा’तून आणि इंद्रजाल कॉमिक्समधून. त्यातही पत्रे वडीलधारी माणसे वाचून दाखवत. इंद्रजाल मात्र आपले आपण वाचायचे असे, कारण चित्र पुढे काय झाले ते अर्धेच सांगे आणि उरलेले अर्धे फुग्यात लिहिलेले असे. एवढ्या गरजेपोटी पुष्कळ मुलांनी जोडाक्षरे पाठ केली.

आता थोडा इतिहास. टाइम्स ऑफ इंडियाच्या मालक असलेल्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याच्या कथेचा होता. सुरुवातीच्या अंकांची किंमत साठ पैसे. या उभारणीत मोठा वाटा होता अनंत पै यांचा. कर्नाटकातल्या कारकळचे, कोंकणी घरातले, लहानपणीच मुंबईत आलेले पै तेव्हा टाइम्समध्ये नोकरीला होते. पुढे १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाउसमार्फत ‘अमर चित्रकथा’ सुरू केली, १९८० मध्ये ‘टिंकल’ काढले आणि देशभरच्या मुलांचे ते ‘अंकल पै’ झाले. २०११ मध्ये ते वारले. त्यांच्या नावापुढे अमर चित्रकथा इतकी घट्ट बसली आहे की इंद्रजालशी त्यांचा संबंध अनेकांना ठाऊकच नसतो.

फँटम हा काही इंद्रजालने भारतात पहिल्यांदा आणलेला नव्हे. १९४० च्या दशकापासून ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’च्या पानांवर तो येत होता. पण तो इंग्रजी वाचणाऱ्या घरांपुरता. इंद्रजालने त्याला देशी भाषांत आणले. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, कन्नड अशा अनेक भाषांत तो बोलू लागला आणि वाचकांचा वर्ग एकदम बदलला. साहेबी घरच्या दिवाणखान्यातून तो थेट गिरणगावातल्या चाळीत आणि रेल्वेच्या वसाहतीत पोचला.

मूळ फँटमचा जन्म १७ फेब्रुवारी १९३६ चा. लेखक ली फॉक. त्याने त्याआधी, जून १९३४ मध्ये, जादूगार मँड्रेकला जन्म दिला होता. सुपरमॅन आला जून १९३८ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि मुखवट्याआड बुबुळे न दिसणारे पांढरे डोळे ही महानायकांची सारी वेशभूषा सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी आपल्या वेताळाने केलेली होती. ते पांढरे डोळे आपल्याला ग्रीक पुतळ्यांवरून सुचले असे फॉक सांगत असे. पोशाखाचा रंग तर छापखान्यांनी ठरवला. अमेरिकेत तो जांभळा, इटलीत लाल, स्वीडनमध्ये निळा! तीन देशांतले तीन म्हातारे चाहते एकत्र बसले तर वेताळाच्या कपड्यांवरूनच भांडण जुंपावे.

कथा अशी : १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागतो, बंडार जमातीचे बुटके लोक त्याला वाचवतात, आणि बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढत राहू. बापामागून मुलगा तोच वेश चढवतो, म्हणून जगाला वाटते हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा. त्याला उडता येत नाही, त्याच्या डोळ्यांतून किरण निघत नाहीत. कंबरेला दोन पिस्तुले, बोटात कवटीची अंगठी, कवटीच्या आकाराची गुहा, पांढरा घोडा आणि सोबतीला एक लांडगा. त्या लांडग्याला कोणी कुत्रा म्हटले की वेताळ लगेच दुरुस्ती करी. बाकी सगळे बळ परंपरेचे आणि दबदब्याचे. मला वाटते आपल्याकडे तो इतका का रुजला याचे कारण इथेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे व्रत, बापाला दिलेला शब्द, गादी, वारसा, वंशावळीच्या पोथ्या ठेवलेली गुहा... यातले काहीच आपल्या घरांना परके नव्हते. त्या काळी घरोघरी आजोबा हेच सांगत की आपण अमुक गावचे, आपल्या घराण्यात अमुक चालत आले आहे.

आता गंमत अशी की हाच फँटम जसाच्या तसा भारतात छापणे अवघड होते. फॉकच्या सुरुवातीच्या कथा घडत त्या आशिया खंडात कुठेतरी, आणि त्या देशाचे नावच मुळी ‘बेंगाली’ होते! चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’, आणि विसाव्या वेताळाचा पाठीत सुरा खुपसून खून करणाऱ्याचे नाव चक्क ‘रामा’. अमेरिकेत बसलेल्या लेखकाला पूर्वेकडची नावे हवी होती, ती त्याने घेतली. इंद्रजालच्या संपादकांनी ‘बेंगाली’चे केले ‘डेंकाली’, ‘सिंग’चे ‘सिंगा’ आणि ‘रामा’चे ‘रामालू’. (शेवटच्या नावाने आमचे एक तेलुगू सहकारी आजही थोडे घुश्शात असतात. सगळ्यांना वाचवले आणि आम्हाला अडकवले, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते.) पुढे फॉकनेही देशाचे नाव ‘बांगला’ केले, त्याला आफ्रिकेत हलवले आणि १९६० च्या दशकात तिथे डॉ. लमांडा लुआगा हा लोकांनी निवडून दिलेला कृष्णवर्णी अध्यक्ष आणला. वसाहतींचा काळ संपत आला होता, त्याचे हे पडसाद.

तरीही एक गोष्ट राहतेच. गोरा माणूस जंगलात सिंहासनावर बसतो आणि भोवतीच्या काळ्या जमाती त्याचा शब्द झेलतात, हे चित्र आज मोठेपणी पाहताना खटकते. खटकायलाच हवे. मँड्रेकचा सोबती लोथार सुरुवातीच्या काळात ज्या रूपात रंगवला जाई तेही तसेच. लहानपणी आम्हाला यातले काही दिसले नाही. वेताळाचा गोरेपणा आमच्या लक्षातच येत नसे, कारण मुखवट्याखालचा चेहरा कधी दाखवलेलाच नसे. जो तो त्या जागी आपलाच चेहरा बसवून घेई. मला वाटते जुन्या अंकांवर प्रेम करताना ही बाजूही नीट पाहिली पाहिजे. केवळ आठवणी काढून डोळे ओले करण्यापेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे.

पहिले बत्तीस अंक सगळे वेताळाचे. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, गुप्तहेर कॉरिगन, बझ सॉयर अशी मंडळी आलटून पालटून येऊ लागली. अगदी सुरुवातीच्या अंकांत सोळाच पाने चित्रकथेची असत, उरलेल्या पानांत सामान्यज्ञान. मुलांच्या हातात ‘नुसती चित्रे’ देणे पालकांना रुचणार नाही, ही धास्ती त्यामागे असावी. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी जप्त केलेला अंक परत देताना ज्ञानाचीच पाने वाचत जा असे बजावले होते. त्यांनी स्वतः मात्र तो दोन दिवस ठेवून घेतला होता.

मुखपृष्ठे हा इंद्रजालचा खास दागिना. आतली चित्रे अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या पट्ट्यांवरून घेतलेली, पण मुखपृष्ठे इथल्या चित्रकाराने रंगवलेली. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांवरची बी. गोविंद यांची मुखपृष्ठे ज्यांनी पाहिली त्यांना वेगळे सांगायला नको. आतल्या पानांबद्दल मात्र संग्राहकांच्या तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. वर्तमानपत्रातली रोजची पट्टी तीन-चार चौकटींची, काळी-पांढरी. तिचे पुस्तकाचे पान करायचे तर चौकटी लहानमोठ्या करायच्या, कडा छाटायच्या, प्रसंगी एखादी गाळायची, वर रंग भरायचे. सगळी कथा ठरावीक पानांत बसवायची. त्यामुळे एखाद्या कथेत वेताळ दारातून आत शिरताना दिसे आणि पुढच्याच चौकटीत खलनायक जमिनीवर! मधली मारामारी कात्रीने खाल्लेली. सलग कथा हवी असणाऱ्याला आजही मूळ पट्ट्यांकडेच जावे लागते.

नंतर आला बहादूर. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने आपला स्वतःचा भारतीय नायक आणला, तो आबिद सुरती यांनी निर्माण केलेला. सुरती गुजराती-हिंदीचे लेखक, व्यंगचित्रकार. ‘धर्मयुग’मधले ढब्बूजी त्यांचेच. बहादूरची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. भगवा कुडता आणि खाली जीन्स हा त्याचा वेश. मुखवटा नाही, गुहा नाही. डाकू भैरवसिंगचा हा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला. म्हणजे वेताळासारखीच बापाच्या मृत्यूपासून सुरू होणारी कथा, पण वळण उलटे. वेताळाला सूड हाच वारसा मिळतो. बहादूरने बापाचा मार्ग सोडून डाकूंच्या विरुद्ध उभे राहायचे असते. तो जयगढ गावात नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांनी चंबळच्या डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती, ती घटना तेव्हा ताजी होती. मध्य प्रदेशात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना बहादूर जास्त जवळचा वाटे याचे नवल नाही. बीहड, खोरी, घोड्यावरचे डाकू ही त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातली बातमी होती.

माझे मत विचाराल तर बहादूर हा इंद्रजालमधला सर्वांत धाडसी प्रयोग. त्याची मैत्रीण बेला ही नुसती वाचवली जाणारी नायिका नव्हती, आणि गावकरी नुसते टाळ्या वाजवणारे नव्हते. सुरतींनीही पुढे आयुष्यात असलाच एक उद्योग केला. २००७ पासून ते मीरा रोडला रविवारी घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले, सोबत एक प्लंबर घेऊन. पाण्याचा थेंब न्‌ थेंब वाचवायचा म्हणून! पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असे काम घेणारा माणूस बहादूरचा बाप शोभतो.

इथे जरा विषय सोडून आपल्या शेजाऱ्यांबद्दल. माझे बालपण आसनसोलच्या रेल्वे वसाहतीत गेले. तिथे फँटमवरून रोज वाद होत. बंगाली मुले त्याला ‘अरण्यदेव’ म्हणत, कारण आनंदबाजार समूहाच्या प्रकाशनांत तो त्या नावाने येई. बंगाली इंद्रजालमध्ये मात्र तोच ‘बेताल’. म्हणजे एकाच घरात, एकाच भाषेत त्याची दोन नावे! शिवाय त्यांच्याकडे नारायण देबनाथ यांचा ‘बांटुल दी ग्रेट’ होता. १९६५ पासून ‘शुकतारा’ मासिकात येणारा, छातीवर गोळ्या आपटून परत फिरवणारा हाफपँटमधला पैलवान. त्याच्यापुढे वेताळ किती टिकेल यावर आम्ही भाकरी-भाजीची पैज लावलेली आठवते. नोकरीत भेटलेल्या तमिळ सहकाऱ्याला तर फँटममध्ये रसच नव्हता. त्याचा नायक ‘इरुंबुक्कै मायावी’, म्हणजे पोलादी हाताचा अदृश्य माणूस. मूळचा ब्रिटिश, पण १९७२ मध्ये शिवकाशीच्या मुत्तू कॉमिक्सने तमिळमध्ये आणल्यावर तो असा रुजला की तमिळनाडूत दोन पिढ्या त्याच्यावर पोसल्या. प्रत्येक भाषेने परदेशातून एकेक नायक दत्तक घेतला आणि आपापल्या घरचे नाव दिले.

आणि हिंदी पट्ट्यातल्या मित्रांचा नागराज? १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने काढलेला हा हिरवा सर्पमानव उत्तर भारतात तुफान गाजला. त्याची सुरुवातीची चित्रे काढली ती प्रताप मुळीक आणि संजय अष्टपुत्रे या आपल्या मराठी चित्रकारांनी. मुळीक पुण्याचे, अमर चित्रकथेतही त्यांचे मोठे काम आहे, आणि १९८० च्या दशकात अमिताभ बच्चनला महानायक करणाऱ्या ‘सुप्रीमो’ची चित्रेही त्यांचीच. अमर चित्रकथेचा पहिला ‘कृष्ण’ राम वाईरकर यांनी चितारला, टिंकलचा सुपंडीही त्यांच्याच हातचा. लखनौ-पाटण्याच्या मित्रांना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. अवश्य सांगावे.

इंद्रजाल आधी मासिक होते, १९६७ पासून पाक्षिक झाले आणि १९८० च्या दशकात साप्ताहिक. पण त्याच दशकात रंगीत दूरदर्शन आले, व्हिडिओ पार्लर आले, रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि राज, डायमंड, मनोज यांची स्वस्त, पूर्ण देशी कॉमिक्स स्टॉलवर लटकू लागली. दर आठवड्याला नवा अंक काढायचा आणि कथा बाहेरून विकत घ्यायच्या, हे गणित जमेना. एप्रिल १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. वेताळ पुढे डायमंड कॉमिक्सकडे गेला. पण ज्यांनी इंद्रजाल वाचले होते ते तोवर नोकरी-संसाराला लागलेले होते, आणि घरातले गठ्ठे रद्दीच्या काट्यावर चढलेले होते.

मग चाळिशीत पुष्कळांना ते परत हवेसे झाले. इथून संग्राहकांची गोष्ट सुरू होते.

अंकांचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. अनुक्रमांक ८०५ पर्यंत जातो, पण प्रत्यक्ष निघाले ८०३. १२३ आणि १२४ हे दोन अंक टाइम्समधल्या संपामुळे कधी छापलेच गेले नाहीत. नवशिक्या संग्राहकाला हे कोणी सांगत नाही. तो वर्षभर त्या दोन अंकांसाठी रद्दीवाल्यांचे उंबरठे झिजवतो, आणि जुने खोड गालात हसत असते. दुसरी मेख म्हणजे ४४३ नंतर सलग क्रमांक देणे बंद होऊन खंड २०, अंक १ अशी मोजणी सुरू झाली. त्यामुळे ‘माझ्याकडे अंक १२ आहे’ असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न येतो : कोणत्या खंडातला?

शोधायच्या जागा ठरलेल्या. मुंबईत फ्लोरा फाउंटनचे पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौक, कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट, हैदराबादेत रविवारचा आबिड्‌स, दिल्लीत दर्यागंजचा रविवार बाजार. मद्रासचे मूर मार्केट १९८५ मध्ये जळाले, त्यात जुन्या पुस्तकांचे काय काय गेले असेल याची कल्पनाच केलेली बरी. दर्यागंजचा पदपथही २०१९ मध्ये उठला आणि बाजार महिला हाटमध्ये गेला. मी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत असताना दर रविवारी सातला तिथे हजर असे. विक्रेत्याला नुसता संशय आला की आपण वेताळ शोधतो आहोत, तर भाव तिप्पट! म्हणून आधी दोन यांत्रिकीची पुस्तके चाळायची, एखादा स्वयंपाकाचा अंक उलटायचा, मग सहज वाटेल असा हात त्या गठ्ठ्याकडे न्यायचा. बायको म्हणे, मंडईत वांगी घेताना हे कौशल्य कुठे जाते?

मिळालेला अंक धड असतोच असे नाही. पावसाळ्याने पिना गंजलेल्या, गंजाचा डाग मधल्या पानात उतरलेला. शब्दकोडे कोणीतरी पेनाने सोडवलेले, तेही चुकीचे. पॉपिन्सच्या जाहिरातीतले कुपन कापून नेलेले, त्यामुळे पाठीमागच्या पानावर वेताळाचे मुंडकेच गायब. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले जी घरगुती वाचनालये काढत, रोजचे भाडे पाच-दहा पैसे, त्यांचे जांभळे शिक्के. बुकपोस्टाने गुंडाळून आलेल्या अंकाला मधोमध गोल वळण पडलेले असते, ते कितीही दाबून ठेवले तरी जात नाही. महाराष्ट्राबाहेर सापडणाऱ्या मराठी अंकांवर ही वळी हमखास दिसते. कोणा मामाने, काकाने मुंबईहून धाडलेले ते अंक.

सर्वांत मोठा घोळ बाइंडिंगचा. हौशी वडिलांनी वर्षाचे अंक एकत्र शिवून, कापडी पाठ लावून, वर सोनेरी अक्षरांत नाव घालून घेतलेले असते. त्या बाइंडिंगमुळेच ते पुष्कळ अंक वाचले. पण बाइंडरने तिन्ही बाजू कापल्या, त्यात क्रमांक गेले, फुग्यांची शेवटची अक्षरे गेली, कधी मुखपृष्ठेच काढून टाकली गेली. कट्टर संग्राहक असे खंड हातात घेत नाही. मी घेतो. ज्याने ते शिवून घेतले त्याने ते टिकावेत म्हणूनच शिवून घेतले होते.

आता मूळ मुद्दा. इंग्रजी इंद्रजालच्या प्रतींना मागणी आहे, म्हणून त्या जपल्या जातात. त्यांच्या याद्या चाहत्यांनी केल्या, प्रती परदेशांतही गेल्या. हिंदीला वाचकसंख्येचे बळ आहे. मराठी अंकांचे तसे नाही. रद्दीवाल्याच्या लेखी मराठी अंकाला गिऱ्हाईक कमी, म्हणून तो वेगळा काढून ठेवत नाही, लगद्याला पाठवतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते, पण मुलांचे चित्रांचे अंक जपून ठेवायची वस्तू आहे हे आपल्याकडे ग्रंथपालांनाही पटवावे लागते. एका जुन्या मराठी वाचनालयाने जागा नाही म्हणून बालविभागातले सगळे गठ्ठे एका सकाळी टेम्पोत भरून दिले, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यात सत्तरच्या दशकातले इंद्रजाल होते. टेम्पोवाल्याकडून हाती लागले तेवढे, एकंदर एकोणीस, मी उतरवून घेतले.

या अंकांतली मराठी वाचण्यासारखी आहे. जंगलातल्या जुन्या म्हणी म्हणून ज्या ओळी मूळ कथांत येतात, त्यांना मराठीत म्हणीचा घाट देणे सोपे नव्हते. मारामारीचे आवाज, जादूगार मँड्रेकचे संमोहनाचे हावभाव, टोळीप्रमुखांचे जुन्या वळणाचे बोलणे, हे सारे कोणीतरी पगारी भाषांतरकाराने, अंक वेळेत निघावा म्हणून, इवल्याशा फुग्यात बसेल अशा शब्दांत लिहिले. माझ्याकडच्या प्रतींवर त्याचे नाव कुठेच नाही. साठ-सत्तरच्या दशकातली बोलकी, छापील मराठी मुलांसाठी कशी लिहिली जाई याचा तो दस्तऐवज आहे, आणि अंक गेले की तोही जाणार.

घरात अंक असतील तर काही व्यवहारातल्या गोष्टी. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. गंजलेल्या पिना हळूच काढून टाका, दुसऱ्या लावू नका, दोऱ्याने सैल बांधा. अंक उभे न ठेवता आडवे ठेवा, फार उंच गठ्ठा करू नका. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका. पावसाळा संपला की एकदा सावलीत वारा द्या. उन्हात घातले तर रंग जातील.

यंदा उत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळी सहा ते आठ मी मंडपामागच्या वाचनालयाच्या खोलीत वही घेऊन बसणार आहे. ज्यांच्याकडे मराठी इंद्रजालचे अंक असतील, फाटके, बिनमुखपृष्ठाचे, बाइंडिंग केलेले कसेही, त्यांनी ते घेऊन यावेत. अंक कोणी ठेवून घेणार नाही. क्रमांक, महिना-वर्ष, कथेचे नाव, पाने किती आणि प्रत कशा स्थितीत आहे एवढे उतरवून अंक तिथेच परत मिळेल. बंगाली, तमिळ, हिंदी अंक असलेल्या सहकाऱ्यांचेही स्वागत आहे, त्यांच्यासाठी वहीत वेगळी पाने ठेवली आहेत. १२३ आणि १२४ आणण्याचा दावा करणाऱ्यांनी मात्र आधी भेटावे.